दहावीचा भूगोल व जुने नकाशे

इयत्ता दहावीचें भूगोलाचें पुस्तक (बालभारती, २०१८) आम्हीं हिंगोली जिल्ह्यांतील गोरेगांवच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीनें वाचून पाहिलें. भारत व ब्राझील यांची जोडीनें तुलना करण्याची त्याची योजना आम्हांस मान्य आहे. पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा, हेंहि स्तुत्य होय. परंतु उजळणीची वेळ आली कीं मुलापुढें कोरा आराखडा येतो व पाठ केलेलीं नांवें त्यांत भरलीं जातात. ॲमेझॉन बिनचूक दाखविणारा मुलगा कयाधूचें पाणी कोठें जातें हें सांगूं शकेलच असें नाहीं. कयाधू पैनगंगेस मिळते, पैनगंगा वर्धेस. वर्धा-वैनगंगांची प्राणहिता होऊन ती गोदावरींत जाते. याच जिल्ह्यांतून वाहणारी पूर्णा मात्र थेट गोदावरीस मिळते. ह्या दोन वाटा नकाशावर बोटानें गिरविणें हीच खरी उजळणी.

तीस जुन्या नकाशांची जोड हवी. हाच प्रदेश एका नकाशांत हैदराबाद राज्यांत, १९५६ नंतर मुंबई राज्यांत, १९६० नंतर महाराष्ट्राच्या परभणी जिल्ह्यांत, व १ मे १९९९ पासून स्वतंत्र हिंगोली जिल्ह्यांत दिसेल. चारहि शेजारीं टांगल्यास सीमा मनुष्यकृत व नदी निसर्गकृत, हा भेद व्याख्येवांचून कळेल.

असे भिंतीवरील नकाशे कालबाह्य ठरून रद्दींत जातात. पोथीचें एक पान गेलें तरी आपण हळहळतों. मग यांचीच उपेक्षा कां? संग्राहकांनीं मूळ नकाशे जतन करावे व प्रती शाळांस द्याव्या, एवढीच आमची विनंति.