विष्ठानामा सम्राट

इ. स. ७४१ ते ७७५ या काळात कॉन्स्टँटिनोपलच्या सिंहासनावर असलेला पाचवा कॉन्स्टंटाइन ख्रिस्तसभेच्या इतिहासग्रंथांत 'कोप्रोनिमस' या नावाने वावरतो. ग्रीक भाषेत 'कोप्रोस' म्हणजे शेण, विष्ठा. तेव्हा 'विष्ठानामा' हा त्याचा सरळ अर्थ. नवव्या शतकाच्या आरंभी संत थिओफानिस यांनी आपल्या बखरीत याची कथा नोंदवली आहे. स्नानसंस्काराच्या वेळी या बालकाने कुंडातच घाण केली आणि पेट्रिआर्क जर्मानुस यांनी त्यावरून पुढील अरिष्टाचे भाकीत केले.

शेकडो बालकांना बाप्तिस्मा दिलेल्या आम्हांला या घटनेचे नवल वाटत नाही. तान्हुल्याच्या त्या अपराधाची शिक्षा बाराशे वर्षे चालावी, याचे मात्र वाटते!

हा सम्राट पवित्र प्रतिमांचा कट्टर विरोधक होता. ७८७ साली नायसियाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने त्याचे मत त्याज्य ठरवले. आमची श्रद्धाही तीच. परंतु मत खोडायला युक्तिवाद लागतो, टोपणनावाला तो लागत नाही. जन्म, संस्कार आणि पाखंड एकाच शब्दात कोंबणाऱ्या त्या अनामिकाचे शब्दकौशल्य मान्य करूनही, त्याने वाद जिंकला असे आम्हांला म्हणवत नाही.

प्रतिपक्षही सोवळा नव्हता. ७५४ च्या हिएरिया येथील सभेने दमास्कसच्या संत योहानांना शाप दिला, तो त्यांच्या घराण्याचे 'मन्सूर' हे अरबी नाव पुढे करून. मन्सूर म्हणजे विजयी. सम्राटाने त्याचे 'मान्झेरोस', म्हणजे अनौरस, असे केले, हेही थिओफानिसच सांगतात. ते स्वतः योहानांना 'क्रिसोर्होआस', सुवर्णप्रवाह म्हणतात. दमास्कसच्या नदीचेही ग्रीक नाव तेच. या साऱ्या चिखलफेकीत हे एकच नाव आम्हांला कवीचे वाटते.

पेट्रिआर्क संत निकेफोरस यांनीही सम्राटाला 'मॅमोन' म्हटले. मात्र शिवी देताना विरोधकाची वाक्ये उतरवून घेण्याची शिस्त त्यांच्यापाशी होती. सम्राटाचा मूळ ग्रंथ नष्ट झाला आहे. त्याचे जे तुकडे वाचता येतात, ते निकेफोरसांच्या खंडनातच. समीक्षक म्हणून आम्ही त्यांना थिओफानिसांच्या वर बसवतो.

अर्थात थिओफानिसांवर अन्याय नको. ६२६ च्या आवार आक्रमणापासून कोरडी पडलेली राजधानीची जलवाहिनी, ७६६ च्या अवर्षणात याच सम्राटाने हजारो कामगार आणून दुरुस्त केली, हेही त्यांनीच लिहून ठेवले. सेमिनरीत कुंडाची कथा ऐकून आम्ही मनमुराद हसलो होतो. जलवाहिनीचे पान त्याच बखरीत होते. ते आम्हांला कोणी वाचून दाखवले नाही, आणि पुढे आम्हीही कोणाला दाखवले नाही.