ईडिपस गंड आणि सटवाईची लेक

अध्यापक विद्यालयाच्या बालमानसशास्त्राच्या पुस्तकात ईडिपस गंडाला बहुधा अर्धे पान मिळते. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अबोध मनात आईची ओढ वाटते व बाप प्रतिस्पर्धी वाटतो. बापाच्या भीतीने तो ही इच्छा दडपतो आणि बापासारखा होऊ लागतो, असे फ्रॉइडचे म्हणणे. परीक्षेला एवढे पुरते. हे ठरले कशावरून, हा प्रश्न मात्र त्या अर्ध्या पानात नसतो. तो आपण विचारू.

१९०९ साली फ्रॉइडने ‘छोट्या हान्स’ची हकिकत प्रसिद्ध केली. व्हिएन्नातला हा पाच वर्षांचा मुलगा घोडा चावेल, कोसळेल या भीतीने रस्त्यावर जायला तयार नसे. घोडा म्हणजे बाप, असा अर्थ फ्रॉइडने लावला. आता पुरावा पाहा. मुलाची निरीक्षणे टिपली बापाने, आणि बाप फ्रॉइडचा अनुयायी. प्रश्नही त्याचेच, पुष्कळदा उत्तर सुचवणारे. उपचारांच्या काळात फ्रॉइड मुलाला भेटला एकदाच. शिवाय गाडीचा घोडा रस्त्यात कोसळताना हान्सने पाहिला होता, हे त्याच हकिकतीत आहे. ही भीती उलगडायला तेवढी घटना पुरेशी का नाही, असे वोल्पे आणि रॅकमन यांनी १९६० साली विचारले. आक्षेप रास्त आहे.

दुसरी अडचण घरांची. मॅलिनोव्स्कीने १९२७ साली दाखवले की ट्रोब्रियांड बेटांवर मुलावर अधिकार मामाचा चालतो, बाप लाड करणारा असतो आणि मुलाचा सुप्त राग मामावर असतो. सिरोंच्याच्या शिक्षकांना यासाठी प्रशांत महासागरात जायला नको. प्राणहिता-गोदावरीकाठच्या तेलुगू भाषक घरांत मामाशी किंवा मामाच्या मुलाशी लग्न ही जुनी रीत; माडियांतही आते-मामे भावंडांची लग्ने होतात. जेथे मामा हा उद्याचा सासरा असू शकतो, तेथील मुलाच्या मनात व्हिएन्नाच्या मध्यमवर्गीय घराचाच नकाशा असेल हे गृहीत का धरावे? कलकत्त्यात १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था काढणारे गिरींद्रशेखर बोस यांनीही फ्रॉइडला कळवले होते की, युरोपीय रुग्णांत दिसते तितकी लिंगच्छेदाची भीती आपल्या भारतीय रुग्णांत दिसत नाही.

आणि आपल्याकडे एक कथाच आहे. इरावती कर्वे यांनी १९५० साली ‘मॅन’ या इंग्रजी नियतकालिकात ईडिपस कथेचे मराठी रूप छापले. जन्मानंतर मुलाच्या कपाळी नशीब लिहिणारी आपली सटवाई. तिच्या लेकीच्याच नशिबी स्वतःच्या मुलाशी लग्न. ते टाळायला लेक रानात जाऊन राहते, तरी मूल होते, ते ती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून टाकते. मूल दुसरीकडे वाढते आणि पुढे तिच्याशीच लग्न करते. तो तुकडा पाहून तिला सारे कळते. पण ती जीव देत नाही, संसार करते. या कथेत बापाचा खून नाही, डोळे फोडणे नाही; गोष्ट आईच्या बाजूने सांगितलेली आहे. ए. के. रामानुजन यांनी अशा भारतीय कथांचा विचार करताना नेमके या फरकांवर बोट ठेवले.

यावर फ्रॉइडपंथीयांचे उत्तर तयार असते: खून नाही, कारण ती इच्छा अधिकच खोल दडपलेली आहे! म्हणजे खून असला तरी पुरावा, नसला तरी पुरावा. जे विधान कोणत्याही निरीक्षणाने खोटे ठरू शकत नाही, ते कार्ल पॉपरच्या कसोटीने विज्ञान नव्हे. (भविष्य सांगणाऱ्याचेही असेच असते.)

लहान मुलांच्या भावना तीव्र असतात, बालपणाचे ठसे दूरवर जातात, हे फ्रॉइडने जगाला ऐकायला लावले. हे श्रेय त्याचेच. मात्र पुढे स्वतः मनोविश्लेषक असलेल्या जॉन बोल्बीने मुलांना आईबापांपासून दूर ठेवल्यावर काय होते ते प्रत्यक्ष पाहायचा आग्रह धरला. आधी रडणे, मग निराशा, मग तुटकपणा, हा क्रम त्याने व जेम्स रॉबर्टसनने नोंदला. कोणीही पाहून पडताळावा असा तो आहे.

आश्रमशाळेत पहिलीचे मूल सहाव्या वर्षी घर सोडून येते. सिरोंच्याकडे घरची भाषा तेलुगू किंवा माडिया, वर्गाची बहुधा मराठी. असे मूल अंथरूण ओले करू लागले, गप्प झाले, गुरुजींना टाळू लागले, तर अर्ध्या पानाच्या जोरावर त्याच्या वहीत ‘पितृद्वेष’ लिहिता येईल. पण घरून शेवटी कोण भेटून गेले, कधी गेले, आणि रात्री त्याच्या भाषेत बोलणारे कोणी जवळ असते का, हे विचारायला आणि नोंदवायला कोणताही गंड लागत नाही.