कथाकाव्य आणि व्हिक्टोरियन नियतकालिकांचे न्यायासन

१

१८५४ च्या मे महिन्यात एडिंबरोहून निघणाऱ्या 'ब्लॅकवुड्स मॅगझिन' या मासिकात एका नव्या काव्यग्रंथाचे विस्तृत परीक्षण प्रसिद्ध झाले. ग्रंथाचे नाव 'फर्मिलियन', कवीचे नाव टी. पर्सी जोन्स. परीक्षणात कथानकाचा परिचय होता, दीर्घ उतारे होते आणि त्यांवरील अभिप्रायही होते. उणीव एकच होती, ती म्हणजे असा कवी आणि असा ग्रंथ अस्तित्वातच नव्हता. परीक्षणकर्ते विल्यम एटन हे एडिंबरो विद्यापीठात वक्तृत्वशास्त्र व ललित वाङ्मयाचे प्राध्यापक होते. उतारे त्यांनी स्वतःच रचले होते. परीक्षण गाजल्यावर त्याच वर्षी त्यांनी तो ग्रंथही रचून छापला. ॲलेक्झांडर स्मिथ, सिडनी डोबेल आदी तरुण कवींच्या दीर्घ रचनांतील बेफाम भावावेगाचे ते विडंबन होते. या कवींना 'स्पॅझमॉडिक', म्हणजे झटके येणारे, हे उपहासाचे नाव रूढ झाले तेही एटन यांच्यामुळेच.

हा प्रसंग वाङ्मयेतिहासात बहुधा विनोदी आख्यायिका म्हणून सांगितला जातो. परंतु तिच्यात एक गंभीर सूचना दडलेली आहे. सारांश, वेचे आणि निवाडा हा परीक्षणाचा साचा तोवर इतका दृढ झाला होता की त्याच्या मागे काव्य नसले तरी वाचकाला चुकल्यासारखे वाटत नव्हते. अनेकांच्या दृष्टीने परीक्षण हेच काव्य होते. व्हिक्टोरियन काळातील कथाकाव्याचे स्वागत कसे झाले, हा प्रश्न विचारताना केवळ कोणी स्तुती केली आणि कोणी निंदा केली याची नोंद ठेवून भागत नाही. हा साचा काव्याचे काय करीत होता, हेही पाहावे लागते.

२

न्यायासनावर कोण बसत होते, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. 'एडिंबरो रिव्ह्यू' (१८०२) व्हिग पक्षाचे, 'क्वार्टर्ली रिव्ह्यू' (१८०९) आणि 'ब्लॅकवुड्स' (१८१७) टोरी पक्षाचे, तर 'वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू' (१८२४) मूलगामी सुधारकांचे. 'अथेनिअम' व 'स्पेक्टेटर' ही साप्ताहिके १८२८ मध्ये आणि 'सॅटर्डे रिव्ह्यू' १८५५ मध्ये सुरू झाली. या नियतकालिकांतील परीक्षणे बहुतांशी निनावी असत. लेखक 'मी' न म्हणता 'आम्ही' म्हणे, आणि त्या 'आम्ही'मागे पक्ष, वर्ग आणि अभिरुची यांचे संपूर्ण बळ उभे राही. १८६५ मध्ये निघालेल्या 'फोर्टनाइटली रिव्ह्यू'ने स्वाक्षरीसह लेख छापण्याचा पुरस्कार केला, तेव्हा ते एक धाडसच होते.

या निनावी सत्तेचे परिणाम टेनिसनच्या चरित्रात ठळकपणे दिसतात. १८३३ च्या एप्रिलमध्ये जॉन विल्सन क्रोकर याने 'क्वार्टर्ली'त टेनिसनच्या नव्या संग्रहाची बोचरी टवाळी केली. पुढील नऊ-दहा वर्षे कवीने नवा संग्रह काढला नाही. यावरून 'परीक्षणाने कवीचे तोंड बंद केले' अशी कथा प्रचलित झाली. ती अर्धसत्य आहे. त्याच वर्षी त्याचा जिवलग मित्र आर्थर हॅलम याचा मृत्यू झाला होता, आणि या तथाकथित मौनाच्या काळात टेनिसन अखंड लिहीत व जुने सुधारीत होता. क्रोकरने ज्या ओळींची खिल्ली उडवली त्यांपैकी अनेक १८४२ च्या संग्रहात बदललेल्या वा वगळलेल्या दिसतात. तेव्हा परीक्षणाने कवीला मुका केले नाही. त्याने कवीला पुन्हा लिहावयास लावले, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

१८४२ चा दुसरा प्रसंग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. या संग्रहात आर्थर राजाच्या अंतसमयाचे कथाकाव्य होते. 'क्वार्टर्ली'तच जॉन स्टर्लिंगने संग्रहाचे सहानुभूतीने परीक्षण केले. समकालीन घरगुती जीवनावरील कथाकाव्ये त्याला भावली. आर्थरची दंतकथा मात्र आजच्या वाचकाच्या हृदयापासून दूर आहे, असा त्याचा अभिप्राय पडला. आर्थरविषयक दीर्घ काव्याची योजना आपल्या मनात तयार होती, पण या परीक्षणाने हात थांबला, असे टेनिसनने पुढे सांगितले. 'आयडिल्स ऑफ द किंग'चे पहिले चार भाग प्रसिद्ध व्हावयास १८५९ साल उजाडले. क्रोकरच्या कुचेष्टेपेक्षा स्टर्लिंगच्या सौम्य नापसंतीने अधिक खोल परिणाम केला, याचा विचार समीक्षेच्या अभ्यासकाने करावयास हवा. निंदेला कवी उत्तर देऊ शकतो. सहृदय वाचकाच्या शंकेला उत्तर देणे मात्र कठीण असते.

३

स्टर्लिंगच्या शंकेतच त्या काळाचा मध्यवर्ती वाद सामावलेला आहे. कवीने कथा कोणत्या काळाची सांगावी? आगगाडी, गिरणी आणि वर्तमानपत्र यांच्या युगात पद्यातील कथेला वर्तमानाचा विषय पेलेल काय?

१८५३ साली हा वाद ऐन भरात आला. एप्रिलमध्ये 'स्पेक्टेटर'मधील एका समीक्षकाने बजावले की, लोकांचे लक्ष वेधून घ्यावयाचे तर कवीने भूतकाळाची आटलेली विहीर सोडून वर्तमानाकडे वळावे. जुलैमध्ये अमेरिकेतील 'नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू'मध्ये आर्थर ह्यू क्लफ याने आपला मित्र मॅथ्यू अर्नोल्ड आणि ग्लासगोचा ॲलेक्झांडर स्मिथ यांची एकत्र समीक्षा केली. स्मिथच्या रचनेतील दोष त्याला दिसत होते. तरीही शहराच्या रस्त्यांतून आलेला तिचा श्वास त्याला अर्नोल्डच्या अभिजात संयमापेक्षा जवळचा वाटला. ऑक्टोबरची तारीख असलेल्या प्रस्तावनेत अर्नोल्डने 'स्पेक्टेटर'च्या त्या विधानाचा उल्लेख करूनच प्रत्युत्तर दिले. कृतीचा काळ गौण आहे, मानवी मनाच्या चिरंतन भावनांना आवाहन करणारी महान कृती हीच काव्याचा विषय होय, ही त्याची भूमिका. 'एम्पेडोक्लीज ऑन एटना' ही स्वतःची रचना त्याने संग्रहातून काढून टाकली आणि 'सोहराब अँड रुस्तुम' हे कथाकाव्य भूमिकेचा दाखला म्हणून पुढे ठेवले.

या दाखल्याची कथाही उद्बोधक आहे. १८५४ मध्ये 'ख्रिश्चन रिमेंब्रन्सर' या त्रैमासिकात अर्नोल्डवर ऋणनिर्देशाविना उसनवारी केल्याचा आक्षेप आला, आणि पुढील आवृत्तीत त्याने आपल्या आधारांची सविस्तर टीप जोडली. फिर्दौसीच्या 'शाहनामा'तील ही कथा त्याच्यापर्यंत थेट फारसीतून आली नव्हती. एक आधार होता सर जॉन माल्कम यांचा १८१५ मधील इराणचा इतिहास. हेच माल्कम १८२७ ते १८३० या काळात मुंबईचे गव्हर्नर होते, आणि महाबळेश्वरच्या माल्कमपेठेला त्यांचेच नाव मिळाले. दुसरा आधार होता ज्यूल मोल यांच्या फ्रेंच भाषांतरावर सँत-बव्हने लिहिलेला लेख. म्हणजे चिरंतनाचा आदर्श ठरलेले हे काव्य अंशतः एका परीक्षणातूनच जन्मले होते! साम्राज्याच्या अधिकाऱ्याने लिहिलेला इतिहास आणि पॅरिसमधील समीक्षालेख या दोन वाटांनी फिर्दौसी इंग्रजी काव्यात पोहोचला. अर्नोल्डचे श्रेय यामुळे उणावत नाही. मात्र 'काळ गौण आहे' हे म्हणणाऱ्या कवीच्या हाती कथा आली ती पूर्णतः एकोणिसाव्या शतकाच्या मार्गाने, हे विसरता येत नाही.

४

वर्तमानाच्या बाजूने सर्वांत निर्भय उत्तर दिले ते एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग यांनी. १८५६ च्या नोव्हेंबरमध्ये आलेले 'अरोरा ली' हे नऊ सर्गांचे, सुमारे ११,००० ओळींचे निर्यमक काव्य. एक कवयित्री आपल्या घडणीची कथा स्वतः सांगते. तिच्यात लंडनची वस्ती आहे, समाजसुधारणेचे फसलेले प्रयोग आहेत, आणि अत्याचाराला बळी पडलेली मेरियन अर्ल ही श्रमिक मुलगी आहे. कवीने आपल्याच युगाचे चित्रण करावे, हा सिद्धान्त पाचव्या सर्गात नायिका स्वतःच मांडते.

काव्य विकले गेले, वाचले गेले. परीक्षणे मात्र दुभंगलेली होती. १८५७ च्या जानेवारीत 'ब्लॅकवुड्स'मध्ये एटन यांनीच लिहिले. कवयित्रीची प्रतिभा मान्य करूनही त्यांनी दोन आक्षेप घेतले. एक, ओळी पद्याच्या वेषातील गद्य आहेत. दोन, जसे आहे तसे दाखवणे हे काव्याचे कार्य नव्हे, ते कादंबरीचे. त्याच महिन्यात 'वेस्टमिन्स्टर'मध्ये जॉर्ज एलियट यांनी निनावी लेखात या काव्याचे मनःपूर्वक स्वागत केले. स्त्रीत्वाचे विशेष बळ, त्याच्या नावावर मांडल्या जाणाऱ्या उणिवांविना, येथे प्रकट झाले आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. तथापि नायकाला अंधत्व येण्याची घटना 'जेन एअर'ची आठवण देते, ही खंत त्यांनीही नोंदवली.

येथे थोडे थांबले पाहिजे. विरोधक म्हणतो, ही कादंबरी आहे. समर्थकही तिची तुलना कादंबरीशीच करतो. दोघांच्या हातातील मापपट्टी एकच आहे. शतकाच्या मध्यावर कथनाची मालकी कादंबरीकडे गेली होती, आणि पद्यकथेला तिच्या अंगणातून वाट मागावी लागत होती. भूतकाळाची कथा सांगितली तर कवी जीवनापासून दूर. वर्तमानाची सांगितली तर त्याने कादंबरीकाराच्या हद्दीत अतिक्रमण केले! समीक्षेने उभी केलेली ही कोंडी कोणत्याही एका परीक्षणात संपूर्ण दिसत नाही. अनेक परीक्षणे शेजारी ठेवून वाचली की ती स्पष्ट होते.

परीक्षणाच्या साच्याने ही कोंडी अधिकच घट्ट केली. दीर्घ काव्यातील निवडक वेचे छापायचे आणि मधली कथा गद्यात सांगायची, ही रूढ पद्धत. तिच्यात वर्णनाचे सुटे तुकडे उजळून निघतात. कथनाची गती, पुनरुक्ती आणि संथपणे साचत जाणारा अर्थ हे सारे हरवते. टेनिसनच्या घडीव ओळी या पद्धतीला मानवल्या. 'अरोरा ली'चे सामर्थ्य तिच्या वाहत्या, वादविवाद करणाऱ्या निवेदनात आहे; ते वेच्यांत सापडणे शक्यच नव्हते.

५

वर्गाचा पूर्वग्रह या वादात कसा काम करीत होता, याचा नमुना वॉल्टर बॅजट यांच्या १८६४ मधील 'नॅशनल रिव्ह्यू'तील लेखात मिळतो. शुद्ध, अलंकृत आणि विरूप अशा तीन कलारीतींची त्यांची मांडणी आजही मननीय आहे. टेनिसनचे 'इनॉक आर्डन' त्यांनी अलंकृत रीतीचा नमुना ठरवले. मासळी विकणाऱ्या खलाशाच्या टोपलीलाही कवी भरजरी शब्दांनी मढवतो, हे त्यांचे निरीक्षण अचूक आहे. परंतु त्यामागील गृहीतक पाहा. मळकट खलाशी मुळात सुंदर असूच शकत नाही, म्हणून त्याला वार्निश लावावे लागते! शैलीचा दोष दाखवता दाखवता समीक्षकाने आपली सामाजिक मर्यादाही दाखवून दिली. वर्ड्‌स्वर्थने गोरगरिबांच्या कथा साध्या शब्दांत सांगून तेव्हा साठाहून अधिक वर्षे लोटली होती. दोष खलाशाच्या ठायी नव्हता, टेनिसनच्या रीतीत होता. बॅजट यांनी तो अर्धा खलाशाच्या माथी मारला.

शतकाच्या उत्तरार्धात परिस्थिती काहीशी पालटली. रॉबर्ट ब्राउनिंग यांचे 'द रिंग अँड द बुक' १८६८ च्या नोव्हेंबरपासून १८६९ च्या फेब्रुवारीपर्यंत चार मासिक खंडांत आले. कादंबरीच्या क्रमशः प्रकाशनाची रीतच काव्याने उचलली. १६९८ च्या रोममधील एका खुनाची हकीकत बारा सर्गांत वेगवेगळ्या मुखांतून सांगितली जाते. विषय ओंगळ आहे या तक्रारीला जॉन मोर्ले यांनी 'फोर्टनाइटली'त स्वनामे उत्तर दिले. सौंदर्य विषयात शोधू नये, ते तो हाताळणाऱ्या बुद्धीच्या व्यापकतेत पाहावे, अशी त्यांची दिशा होती. येथे वेचे आणि निवाडा यांपलीकडे जाऊन समीक्षा रचनेचा विचार करू लागली. त्याआधी काही महिने, १८६८ च्या ऑक्टोबरमध्ये, वॉल्टर पेटर यांनी 'वेस्टमिन्स्टर'मध्ये विल्यम मॉरिसच्या कथाकाव्यांवर लिहिलेल्या निनावी लेखाचा शेवट १८७३ मध्ये त्यांच्या 'रेनेसाँस'वरील ग्रंथाचा प्रसिद्ध उपसंहार बनला. परीक्षण ज्या काव्याचे, ते बाजूला राहिले आणि परीक्षणच अभिजात ठरले. 'फर्मिलियन'च्या विनोदाचे हे गंभीर प्रतिबिंब म्हणावे लागेल.

६

या साऱ्यात पणाला काय लागले होते? मेरियन अर्लसारख्या मुलीची कथा काव्यात सांगता येते की नाही, हा प्रश्न होता. अनेक परीक्षकांनी 'नाही' म्हटले. पुढील पिढ्यांनी ते ग्राह्य धरले, आणि 'अरोरा ली' ग्रंथालयाच्या मागल्या फळीवर गेले. १९३१ मध्ये व्हर्जिनिया वुल्फ यांनी त्यावर लिहिले तेव्हा ते कोणी वाचत नाही हे त्यांना प्रथमच नमूद करावे लागले. १९७८ आणि १९९२ च्या नव्या आवृत्त्यांनंतरच ते अभ्यासक्रमांत परतले. हा दोष एकट्या परीक्षकांचा, असे म्हणणे अन्याय्य होईल. कादंबरीचा विस्तार आणि वाचकांची बदललेली सवय ही मोठी कारणे होती. पण काव्याच्या हद्दी आखण्याचे काम नियतकालिकांनी केले, आणि त्या हद्दी निसर्गसिद्ध असल्यासारख्या पुढे शिकवल्या गेल्या.

अभ्यासकाला आज साधने उपलब्ध आहेत. १९६६ ते १९८९ या काळात पाच खंडांत पूर्ण झालेल्या 'वेलस्ली इंडेक्स'ने शेकडो निनावी लेखकांची ओळख पटवली. त्या सूचीतून नियतकालिकांत छापलेली पद्ये मात्र वगळण्यात आली आहेत. समीक्षकांची नावे नोंदली गेली, कवितांची नोंद राहून गेली. या एका गोष्टीतही एकोणिसाव्या शतकाचा जुना क्रम टिकून राहिलेला दिसतो. म्हणून विद्यार्थ्याने परीक्षणांचे खंड अवश्य उघडावेत, पण त्याआधी काव्य पहिल्या सर्गापासून शेवटच्या सर्गापर्यंत वाचावे. वेच्यांवरून दिलेला निकाल तपासण्याचा अधिकार संपूर्ण काव्य वाचणाऱ्यालाच प्राप्त होतो.