'अर्धसत्य' : एका निओ-नुआर चित्रपटाच्या टिकाऊपणाची मीमांसा

प्रस्तावना :
अमेरिकेतील काळोख्या वळणाच्या गुन्हेपटांना फ्रेंच समीक्षकांनी १९४६ मध्ये 'फिल्म नुआर' म्हणजेच 'काळा चित्रपट' असे नाव दिले. पुढील दशकांत या परंपरेचा जो नवा आविष्कार झाला, त्यास 'निओ-नुआर' म्हटले जाते. गोविंद निहलानी दिग्दर्शित 'अर्धसत्य' (१९८३) हा हिंदी चित्रपट श्री. दा. पानवलकर यांच्या 'सूर्य' या मराठी कथेवर आधारित असून त्याची पटकथा विजय तेंडुलकर यांची आहे. चार दशकांनंतरही हा चित्रपट का टिकून आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अंधाराचे उगमस्थान :
रोमान पोलान्स्की यांच्या 'चायनाटाउन' (१९७४) मध्ये खासगी गुप्तहेर सत्य शोधतो. परंतु सत्तेपुढे ते निरुपयोगी ठरते. 'अर्धसत्य'मध्ये शोधण्यासारखे रहस्यच नाही. रामा शेट्टी गुन्हेगार आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. प्रश्न आहे तो फौजदार अनंत वेलणकरचा. त्याचे वडील निवृत्त पोलीस हवालदार आहेत. आईवर उगारला जाणारा त्यांचा हात अनंतने लहानपणी पाहिला आहे. पोलिसाची नोकरीही त्यांच्याच इच्छेने पत्करली आहे. येथील अंधार गल्लीबोळातून घरात शिरत नाही, तो घरातून वर्दीत येतो.

प्रेक्षकाचा सहभाग :
व्यवस्थेने कोंडी केलेल्या अनंतचा संताप प्रेक्षकाला प्रथम न्याय्य वाटतो. मात्र कोठडीतील एका भुरट्या चोराचा त्याच्या मारहाणीत मृत्यू होतो, तेव्हा त्या संतापाला दिलेली दाद प्रेक्षकाच्याच अंगावर येते. ओम पुरी यांचा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त अभिनय हे संक्रमण देहबोलीतून घडवितो. सदाशिव अमरापूरकर यांचा रामा शेट्टी मात्र शांतपणे बोलतो. ज्याच्याकडे सत्ता आहे, त्याला आवाज चढवावा लागत नाही.

नुआरपटातील स्त्री बहुधा नायकाला मोहात पाडते. स्मिता पाटील यांनी साकारलेली प्राध्यापिका ज्योत्स्ना गोखले त्याच्या हिंसेविषयी प्रश्न विचारते. तथापि, तिचे स्वतंत्र आयुष्य पटकथेत पुरेसे उलगडत नाही, ही चित्रपटाची मर्यादा मान्य करावी लागते.

शेवटाचा अर्थ :
अनंत अखेरीस रामा शेट्टीचा खून करतो. परंतु तो त्याच्या दारी गेलेला असतो मदतीची याचना करण्यासाठी. अपमान सहन न होऊन घडलेल्या या कृत्यास न्याय म्हणता येत नाही. खुनानंतर तो स्वतः पोलिसांच्या स्वाधीन होतो. शेट्टी संपतो, त्याला पोसणारी व्यवस्था मात्र शिल्लक राहते.

निष्कर्ष :
रहस्यावर उभा असलेला गुन्हेपट उलगडा झाल्यावर पुष्कळदा क्षीण होतो. 'अर्धसत्य' पुन्हा पाहताना अधिक अस्वस्थ करतो. कारण कोठडीतील तो मृत्यू ठाऊक असूनही प्रेक्षक अनंतच्या बाजूने उभा राहतो. चित्रपटाचे सामर्थ्य या नैतिक पेचात आहे.