ख्रिस्तायन : दोन आवाजांची ओवी

एक गिटार, दोन गळे आणि पहिला अल्बम. लोकसंगीताच्या अंगाने ख्रिस्ती भक्तिगीते गाणाऱ्या जोड्या आज जगभर आहेत. अशी जोडी मराठीत शोधू गेले, तर माझ्या मते नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्यापाशी थांबावे लागते. त्यांचा अल्बम नाही. ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य आहे. त्याकडे ग्रंथ म्हणून नव्हे, तर दोघांनी मिळून गायलेले गाणे म्हणून पाहावे, असे मला वाटते.

मी बेगडेवाडीत राहतो. शेजारचे स्टेशन देहूरोड. तिथून तुकोबांचे देहू जवळच. टिळक आपण तुकारामांच्या पुलावरूनच ख्रिस्ताकडे आलो, असे सांगत. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन सोडले नाही. उलट तेच चर्चमध्ये नेले. ख्रिस्तकथा ओवीत सांगण्याची वाट त्याहून जुनी. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले, तेही ओवीतच.

पण मराठीत ओव्या दोन : एक ग्रंथातली, दुसरी कंठातली. दुसरीचे आमचे मावळ हे माहेर. हेमा राइरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. त्यांत मावळ-मुळशीच्या बायकांचा वाटा मोठा. ‘ख्रिस्तायन’ची ओवी वळणाने ग्रंथातली, हे खरे. तरी तिचे दोन कर्ते दोन दिशांनी तिच्यापाशी आले. टिळक संस्कृत-मराठीत मुरलेले कवी. लक्ष्मीबाईंना अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. काव्याशी त्यांचे पहिले नाते कानाचे होते.

आता हिशेब पाहू. टिळक १९१९ मध्ये गेले, तेव्हा जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. तरीही आपले वाङ्मयेतिहास एकच क्रियापद वापरतात : लक्ष्मीबाईंनी काव्य ‘पूर्ण केले’. सहापट मजकूर लिहिणारीला पूर्ण करणारी म्हणायचे, तर कर्ता कोणाला म्हणायचे? ‘स्मृतिचित्रे’मुळे त्यांचे गद्य अमर ठरले. त्याच लेखिकेचे हे पद्य मात्र पतिनिष्ठेचे काम म्हणून बाजूला पडले.

कौतुकाबरोबर उणेही सांगायला हवे. इतके अध्याय एकाच छंदात डोळ्यांनी वाचताना थकवा येतो. यमकासाठी शब्द वळवून घेण्याचा मोह ओवीत नेहमीच असतो आणि इतक्या लांब रचनेत तो अधिक जाणवतो. पण हा दोष ठरवण्याआधी ओवी कशासाठी आहे, हे विचारले पाहिजे. ती एका बैठकीत संपवण्यासाठी नसते. रोज थोडी, मोठ्याने, ऐकणाऱ्यांसमोर म्हणायची असते. ‘ज्ञानेश्वरी’ला आपण ही सवलत देतो. ‘ख्रिस्तायन’ला ती नाकारून त्याला मिशनरी वाङ्मयाच्या कपाटात ठेवतो. चर्चनेही टिळकांची भजने ओठांवर ठेवली; या महाकाव्याला तेवढे भाग्य लाभले नाही. परिणामी साहित्यिक आणि श्रद्धावंत, दोघांच्याही दारात ते उपरेच राहिले.

म्हणून माझी मागणी साधी आहे. टिळकांचा एक आणि लक्ष्मीबाईंचा एक अध्याय शेजारी ठेवून मोठ्याने म्हणावा. कोणता आवाज मूळचा आणि कोणता साथीचा, याचा निकाल त्यानंतर द्यावा.