स्मरणरंजन आणि क्रियापदाचा काळ

जुन्या अमेरिकन मोटारींवरील गीतांना सरसकट ‘स्मरणरंजनपर’ म्हणण्याची रूढी भाषिकदृष्ट्या टिकणारी नाही. ‘बीच बॉइज’ या कॅलिफोर्नियातील वृंदाचे ‘लिटल ड्यूस कूप’ (१९६३) हे गीत पाहावे. ‘ड्यूस’ म्हणजे पत्त्यांतली दुर्री; १९३२ मधील अखेरच्या दोनावरून फोर्डच्या त्या सालच्या गाडीला हे नाव पडले. म्हणजे गीत निघाले तेव्हाच गाडी ३१ वर्षांची होती. तरीही त्यात हळहळीचा मागमूस नाही! क्रियापदे प्रायः वर्तमानकाळी, वाक्ये बढाईची आणि शब्दसंग्रह क्लच-गिअरचा, जवळजवळ कारखान्यातला. इंजिनाची फेरजुळणी करून मिरवणाऱ्या तरुणाला गाडीचे वय नव्हे, वेग सांगावयाचा आहे. तेव्हा हुरहूर संहितेत नसून श्रोत्याच्या ठायी आहे, असेच मानावे लागते.

जॉर्ज लुकस यांच्या ‘अमेरिकन ग्राफिटी’ (१९७३) या चित्रपटात तशीच १९३२ ची फोर्ड १९६२ मधील एका रात्री फिरते, आणि अवघ्या ११ वर्षांच्या अंतरावरून ती प्रेक्षकाला व्याकूळ करते. शेवटच्या नामावलीवर याच वृंदाचे ‘ऑल समर लाँग’ वाजते. हे गीत १९६४ चे. त्या रात्री ते कोणी ऐकलेले असणे शक्यच नाही. प्रेक्षकाला मात्र ते खटकत नाही.