धोका की घोका?

भोसरी एमआयडीसीपासून चाकण-म्हाळुंग्यापर्यंत कारखान्यांच्या भिंतींवर मराठी पाट्या पुष्कळ आहेत. आमची तक्रार आहे ती त्यांच्या अक्षरांबद्दल. २०२५पर्यंत लागू असलेल्या १९४८च्या कारखाने अधिनियमातलं कलम १०८ सांगायचं, की सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत हव्यात, शिवाय वाचता येतील अशा अवस्थेत ठेवायला हव्यात. पण वाचता येणं-न येणं आधी ठरतं डीटीपीच्या टेबलावर. तिथं सकाळी वाढदिवसाचा फ्लेक्स होतो आणि दुपारी त्याच हातानं, त्याच फाँटमध्ये धोक्याची पाटी.

कोरलड्रॉमध्ये आधीच ठसठशीत फाँट घ्यायचा आणि वर जाड आउटलाइन द्यायची, ही सवय. ही रेघ अक्षराच्या कडेवर बसते, म्हणजे निम्मी बाहेर, निम्मी आत. फ्लेक्सवर चालून जातं, भाऊंचं नाव गावाला पाठच असतं! पाटीवर नाही चालत. ‘ध’ आणि ‘भ’ यांची शिरोरेषा तुटक असते, तेवढ्यावरच त्यांची ओळख. अक्षराच्याच रंगाची आउटलाइन ती फट बुजवते. मग ‘धोका’चा ‘घोका’ होतो, ‘भट्टी’ची ‘मट्टी’. आउटलाइन वेगळ्या रंगाची असेल तर उलटं: ती अक्षर आतून खाते, आणि ‘बंद’वरचा अनुस्वार दिसेनासा होतो. त्यासाठी रेघ अक्षराच्या मागं ढकलायची सोय सॉफ्टवेअरमध्येच आहे, वापरतं कोण?

मजकूर मावत नाही म्हणून शब्द आडवा दाबला की उभे दांडे बारीक होतात, शिरोरेषा मात्र तेवढीच जाड राहते. अशा वेळी दोन ओळी कराव्यात, एवढं सोपं आहे.

रंगांचं तर ठरलेलंच आहे. आयएस ९४५७ या भारतीय मानकात लाल मनाईचा, पिवळा सावधानतेचा, निळा सक्तीचा, हिरवा सुरक्षिततेचा. त्यात लाल-पिवळा ग्रेडियंट टाकला, तर कामगारानं थांबायचं की नुसतं जपून जायचं? एका ठिकाणी लोगो हिरवा म्हणून ‘आत हात घालू नका’ हेही हिरव्यावर छापलेलं आम्ही पाहिलं.

आता सगळा दोष ऑपरेटरच्या माथी मारणं आम्हाला पटत नाही. त्याला पैसे चौरस फुटावर मिळतात, आणि मजकूर येतो व्हॉट्सअ‍ॅपवर, ‘उद्या ऑडिट आहे’ म्हणत. प्रूफ साहेबांच्या मोबाईलवर पास होतं. प्रेसपासून दहा पावलांवर उभं राहून ते कुणी वाचलेलं नसतं.